गुलाबच्या कळशीतलं पाणी

आमच्या घरात पाण्यावर पहारा असायचा, आणि तो मोठ्या आत्याचा. पाण्याची टंचाई होती अशातला भाग नाही. गल्लीच्या तोंडाशी हापसा होता, आणि भर उन्हाळा सोडला तर तो कुणाला रिकाम्या हाती परत पाठवायचा नाही. पहाटे त्याचा खडाक-खस्स असा आवाज सुरू झाला की गाव जागं झालं म्हणायचं. माय घागरी आणून रांजण भरायची. पण रांजण भरला की त्याच्यावरचा तिचा हक्क संपायचा. रांजणाशेजारी आत्याचा पाट होता. ती तिथं बसून तूर निवडायची, लसूण सोलायची, गल्लीतल्या बायांना सल्ले द्यायची, आणि जो कोणी पेला घेऊन येईल त्याला आधी तिच्या तपासणीतून जावं लागायचं. उन्हातून आली का, मग जरा दम खा. शेंगदाणे खाल्ले का, मग पाणी नाही. काकडी खाल्ली असेल तर बिलकुल नाही. उभ्यानं पिऊ नको, गुडघे जातात. जेवताना पिऊ नको, भाकरी पोटात तरंगते. हे सगळे नियम पाळून माणसानं पाणी नेमकं केव्हा प्यावं, याचा मी लहानपणी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर सापडलं नाही. आजही एखाद्या लग्नात पाण्याची बाटली हातात आली की पहिल्या घोटाआधी माझी नजर आपोआप बाजूला जाते, आत्या कुठं बसलेली नाही ना हे बघायला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, दादांची, थोरली बहीण. दादा रांगत होते तेव्हाच त्यांची आई गेली आणि आत्यानं त्यांना कडेवर वाढवलं. पुढं ती धावड्याला नांदायला गेली, नवरा वारल्यावर परत आली ती कायमची. त्यामुळे घरात तिचा शब्द शेवटचा. दादा केदारखेड्याच्या बाजूच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर साहेब सुई देताना बैलाचं तोंड धरणं, हे त्यांचं काम. पण साहेब आठवड्यातून मोजकेच दिवस उगवायचे, म्हणून गाव दादांनाच डॉक्टर म्हणायचं आणि दादा ती चूक कधी दुरुस्त करायचे नाहीत. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन वंदना म्हणायचे, आणि वंदना संपली की लगेच त्याच गंभीर आवाजात कुणाच्या म्हशीला काय झालंय ते सांगायला लागायचे. असा हा बाहेरचा डॉक्टर घरात मात्र पाण्याचा पेला घेऊन आत्यासमोर उभा राहायचा आणि ती म्हणायची, "घाम पूस आदी." दादा घाम पुसायचे.

मी तेव्हा जालन्याला कॉलेजात होते, प्राणिशास्त्र घेऊन शेवटच्या वर्षाला. आम्हाला शिकवायला एक मॅडम होत्या, लातूरकडच्या. बुटक्या, चष्मेवाल्या, वर्गात खडूनं हात पांढरे करून घेणाऱ्या. एकदा त्यांनी तहान शिकवली. तोपर्यंत मला वाटायचं, तहान घशाला लागते. मॅडम म्हणाल्या, तहान डोक्यात लागते, आणि रक्तात फिरणारी संप्रेरकं ती वाढवतात नाही तर दाबतात. नर उंदीर रोज साधारण तेवढंच पाणी पितो. मादीचं तसं नसतं. ती माजावर येते त्या सुमारास इस्ट्रोजेन वाढतं आणि तिची भूक उतरते, तहानही उतरते. मग पुन्हा चढते. आणि तीच मादी पिल्लांना पाजायला लागली की कुणाला आवरत नाही. मागच्या बाकांवरची पोरं हसली. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं की ज्यांना हसू आलं त्यांनी हे प्रत्यक्ष मोजून दाखवावं. हसलेल्यांपैकी कोणी मोजलं नाही. हसले नव्हते मी, पण मला हे मोजावंसं वाटायला लागलं. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करायचाच होता. अडचण एकच होती: कॉलेजातले पांढरे उंदीर त्याआधीच एका मांजरानं संपवले होते. मी विचारलं, शेळ्या चालतील का? मॅडम म्हणाल्या, शेळ्या उंदरांपेक्षा बऱ्या, हरवणार तरी नाहीत.

तर अशी मी दिवाळीच्या सुट्टीत विज्ञान घेऊन घरी आले. आमच्याकडे तेव्हा तीन मोठी जनावरं होती. गुलाब नावाची शेळी नुकतीच व्यालेली, तिच्यामागं दोन करडं. चांदी नावाची पाठ, म्हणजे तरणी शेळी, अजून न व्यालेली. आणि सुभेदार. सुभेदार हा बोकड होता, काळा, दाढीवाला, आणि त्या दिवसांत इतका उग्र वासाचा की पाहुणे आले तर आधी चपला सोडायचे की नाक धरायचं हे त्यांना कळायचं नाही. माज चढला की हा बोकड स्वतःची दाढी स्वतःच्याच मुतानं भिजवून घ्यायचा आणि मग मान वर करून गावाकडं बघायचा, जणू अत्तर लावून लग्नाला निघालाय.

मी जाहीर केलं की या तिघांना चरायला सोडायचं नाही, गोठ्यातच बांधून घालायचं, म्हणजे बाहेर कुठं डबक्यात तोंड घालणार नाहीत. प्रत्येकाची बादली वेगळी, तिला आतून खुणा केलेल्या. सकाळी भरायची, संध्याकाळी बघायचं किती खाली गेली. पाणी हापशाचं, ताजं. गुलाबला बादली पुरणार नाही म्हणून तिच्याजवळ एक पितळी कळशी झाकून ठेवायची, तिच्यातूनच तिची बादली पुन्हा भरायची, आणि कळशीतलं पाणीही गुलाबच्या नावावर धरायचं. माय म्हणाली, म्हणजे चारा कापून आणायचा मी. मी म्हणाले, विज्ञानासाठी. माय म्हणाली, विज्ञानाला हात न्हाईत का? आणि विळा घेऊन गेली. आत्यानं मात्र यात रस घेतला. पाण्यावर कोणीतरी दुसरंही लक्ष ठेवायला लागलंय हे बघून तिला बरं वाटलं असावं.

दादांनी पहिल्याच दिवशी निकाल सांगून टाकला. म्हणाले, नर जादा पितो. नराचं अंग मोठं, राग मोठा, मंग तहान बी मोठी. दवाखान्यात येणाऱ्या लोकांनाही त्यांनी हे सांगितलं असणार, कारण दोन दिवसांत गावात दोन बाजू पडल्या. पारावरचे लोक सुभेदाराच्या बाजूचे, हापशावरच्या बाया गुलाबच्या. चांदीच्या बाजूनं कोणीच नव्हतं, आणि गंमत म्हणजे मॅडमच्या वर्गातला उंदीर खरा उभा केला तो चांदीनंच. एका सकाळी ती शेपटी हलवायला लागली, दोर ताणून ताणून ओरडायला लागली, चाऱ्याकडं बघेना, बादलीकडं तर मुळीच बघेना. संध्याकाळी तिची बादली जवळजवळ भरलेली. मला इतका आनंद झाला की मी धावत दादांकडं गेले. दादांनी आयुष्यभर माजावरच्या गायी-म्हशी पाहिलेल्या, पण लेकीसमोर तो शब्द उच्चारायचा प्रसंग कधी आला नव्हता. ते खोकले. मग वर आढ्याकडं बघत म्हणाले, "ते... तिला सद्या पान्यात ध्यान न्हाई." आणि टोपी घालून बाहेर गेले. पुढं तीस वर्षं मी मुलामुलींना हाच धडा शिकवला, पण इतक्या कमी शब्दांत मला तो कधी सांगता आला नाही.

सुभेदार पलीकडून चांदीला पाहून दिवसभर घसा फोडायचा, पण ओरडून दमला की पाणी प्यायचा. त्याची बादली रोज साधारण त्याच खुणेवर उतरायची. सगळं मॅडमनी सांगितल्याप्रमाणे चाललं होतं. बिघडलं ते गुलाबपाशी.

पाजणारी शेळी जास्त पिणार हे ठाऊकच होतं. पण गुलाब काही दिवसांतच जास्तीच्याही पलीकडं गेली. बादली तर रिकामी व्हायचीच, वर कळशीही अर्ध्याखाली उतरलेली असायची. सुभेदारापेक्षा ती जवळपास दुप्पट पाणी पीत होती, आणि तरी पोट भरलेलं दिसत नव्हतं. मला वाटलं, मला काहीतरी नवीन सापडलंय. मी मनातल्या मनात मॅडमसमोर उभी राहून भाषण करायला लागले. दादांना वाटलं, शेळीला आजार आहे. पारावर हरल्याचं दुःख त्यांनी वैद्यकीत बुडवलं. एवढी तहान म्हणजे साखर, असं ते म्हणाले. माणसाला साखरेचा आजार होतो, मंग शेळीला कामून न्हाई होणार? खात्री करायला त्यांनी गुलाब मुतली त्या जागेवर मुंग्या येतात का हे बघायचं ठरवलं आणि रविवारची सगळी सकाळ गोठ्यात उकिडवे बसून काढली. मुंग्या आल्या, पण त्या दादांनी खिशात आणलेल्या गुळाच्या खड्याकडं गेल्या. त्यावरून काहीच सिद्ध झालं नाही.

आता इथं वहिनीबद्दल सांगायला हवं. माझा मोठा भाऊ मंठ्याला शाळेत मास्तर होता, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. त्याची बायको सुनंदा वहिनी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला आई नव्हती, म्हणून मायनं तिला इथंच ठेवून घेतलं. मी सुट्टीला आले तेव्हा तिची मुलगी काही आठवड्यांची होती. वहिनीची खोली मागच्या बाजूला, तिला एक दार घरात आणि एक दार गोठ्याकडं. खोलीत ओव्याचा, बाळंतशोपांचा धूर असायचा. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, वर तुपाची धार, डिंकाचे लाडू, सगळं तिला वेळच्या वेळी मिळायचं. आत्या स्वतः बघायची. मिळायचं नाही ते एकच: पाणी. बाळंतिणीनं पाणी पिऊ नये, पोट सुटतं, हा आत्याच्या सगळ्या नियमांतला सर्वांत मोठा नियम. जेवणाबरोबर अर्धा पेला, तोही ओव्याचा, कोमट. दुसरं कारण असं की पाणी प्यायलं की बाहेर जावं लागणार. आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडंच संडास नव्हता. बाया अंधार असताना जायच्या, पहाटे किंवा दिवस मावळल्यावर, नाल्याच्या अंगाला. ओली बाळंतीण दिवसाउजेडी तिकडं गेली तर लोक बघणार, आणि वारं लागणार ते वेगळंच. त्यामुळे पाणीच द्यायचं नाही, म्हणजे मूळच उपटलं.

वहिनी फार बोलायची नाही. मला ताई म्हणायची, वयानं माझ्याहून थोडीच मोठी होती. बाळ मात्र बोलायचं. दुपारी ते रडायला लागलं की ओरडण्यात सुभेदारालाही मागं टाकायचं. आत्या म्हणायची, अंगावर कमी येतंय, तूप वाढवा. तूप वाढवलं जायचं. बाळ रडायचं.

एका दुपारी घरात सगळे आडवे झाले होते. मला गोठ्यात कावळा शिरल्यासारखा आवाज आला म्हणून मी मागून गेले. कावळा नव्हता. वहिनी होती. चाऱ्याच्या गंजीआड उकिडवी बसलेली, बाळ एका खांद्यावर, आणि दुसऱ्या हातानं कळशीतून भरलेला तांब्या वर धरून घटाघटा पाणी पीत होती. तोंडातून ओघळलेलं पाणी गळ्यावरून पदरात जात होतं. तिच्यासमोर गुलाब रवंथ करत उभी होती आणि एखाद्या मैत्रिणीसारखी शांतपणे बघत होती.

माझ्या मनात आधी काय आलं ते सांगायला आज हसू येतं. माझा शोध गेला, हे आधी आलं. मग वहिनीचा विचार आला. तिनं मला बघितलं तेव्हा तांब्या खाली ठेवला नाही. आधी संपवला, मग तोंड पुसलं. मी विचारलं, किती दिवसांपासून? ती म्हणाली, तुम्ही कळशी ठेवली तेव्हापासून. मग हळू आवाजात सांगायला लागली की बाळाला अंगाशी घेतलं, त्यानं ओढायला सुरुवात केली, की त्याच क्षणी घसा असा कोरडा पडतो जसं कुणी आतून फडक्यानं पुसून घेतंय. दुसरं काही सुचत नाही. सकाळी ती पीत नाही, कारण मग दिवस कसा काढणार. दुपारी पिते, म्हणजे अंधार पडेपर्यंत कळ काढता येते. मी म्हणाले, मायला तरी सांगायचं. वहिनीला हसू आलं. कळशी कोण भरतं, असं तिनं मला विचारलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज सकाळी माय शेळीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरायची, आणि मी ते बघून समजत होते की मायला विज्ञानाचं महत्त्व कळलंय.

"मायनंच खुणावलं," वहिनी म्हणाली. "शेळीला कुणी म्हनत न्हाई ना ताई, की पोट सुटंल."

मी घरात येऊन पडले, पण झोप कसली लागते. माय आत्यासमोर बोलणार नाही हे मला माहीत होतं. आत्यानं दादांना वाढवलं, ते ऋण माय स्वतःचंच समजायची. दादा तर घाम पुसणाऱ्यांपैकी. भावाला सांगावं तर तो शनिवारी येणार आणि आत्याचे पाय धरून सोमवारी जाणार. सुट्टी संपली की मी जालन्याला, कळशीही जागेवरून हलणार, आणि वहिनी पुन्हा त्या अर्ध्या पेल्यावर. वाद घातला असता तर आत्यानं मला कॉलेजाची हवा लागली म्हणून गप्प केलं असतं. मग मला मॅडम आठवल्या. ज्यांना हसू आलं त्यांनी मोजून दाखवावं. मी ठरवलं, दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबला मी नेहमीच्या मानानं अगदी थोडं पाणी दिलं. कळशी उचलून वहिनीच्या खोलीत खाटेखाली ठेवली, झाकून. गुलाबनं बादली चाटली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा बादली चाटली. दुपारी करडं पिऊन बाजूला झाली तेव्हा ती बादलीशी येऊन उभी राहिली आणि असं काही ओरडली की मला तोंड फिरवावं लागलं. माय धार काढायला बसली तर भांड्याच्या तळाशी कसंबसं दूध. जे होतं ते करडांसाठीच सोडलं.

आत्याचा दुपारचा चहा म्हणजे आमच्या घरातला सण होता. शेळीचं दूध, भरपूर साखर, ठेचलेलं आलं, आणि बशीत ओतून फुर्रकन ओढायचा आवाज, तो हापशापर्यंत ऐकू जायचा. त्या दिवशी मायनं बशी पुढं ठेवली आणि आत्यानं आत बघितलं. चहा काळा होता. दादा त्या दिवशी लवकर आलेले, दाराशी बसून चपलेचा अंगठा शिवत होते.

"दूध कुठं गेलं?" आत्यानं विचारलं.

माय म्हणाली, "निघालंच न्हाई वन्सं. पिल्लापुरतं बी मुश्किलीनं निघालं."

"काल तर बराबर निघाल्तं. चारा टाकला न्हाई का?"

"चारा टाकला," मी म्हणाले. "पाणी तेवढं कमी दिलं."

"कामून?"

"बाळातीण हाये ती, आत्या. लई पाणी पिली तर पोट सुटंल तिचं."

दादांच्या हातातली सुई थांबली. माय चुलीकडं वळली आणि विझत आलेला जाळ उगाच फुंकत बसली. आत्या माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं होतं ती रागावेल, आणि रागावली तर काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. ती रागावली नाही. म्हणाली, शेळी आणि बाई एक असती का? मी म्हणाले, दोघींच्या अंगात दूध कशाचं होतं ते सांग. तेवढ्यात आतून बाळ रडायला लागलं, आणि गोठ्यातून गुलाब. दोघींचा आवाज एकत्र येत होता. आत्या उठली. काळा चहा तसाच ठेवून रांजणातून घागरभर पाणी काढलं, कुणाला उचलू दिलं नाही, आणि गोठ्यात गेली. मी मागोमाग. गुलाबनं बादलीत तोंड घातलं ते बादली संपेपर्यंत वर काढलं नाही. आत्या तिथंच शेणाच्या जमिनीवर बसली आणि बघत राहिली.

मग तिनं सांगितलं. माझ्याकडं न बघता, शेळीला सांगावं तसं. धावड्याला तिचं बाळंतपण उन्हाळ्यात झालं. सासू रांजणावर झाकण घालून वर वरवंटा ठेवायची. वरवंटा हलवला की आवाज व्हायचा. तिला इतकी तहान लागायची की बाळाचं अंग पुसायचं ओलं धडुतं ती तोंडात धरून चोखायची. तिला एक मूल झालं होतं आणि ते राहिलं नाही, एवढंच आम्हा मुलांना माहीत होतं, त्यापुढं कोणी बोलत नसे.

"दूध आलंच न्हाई," आत्या म्हणाली. "लेकरू रडायचं, मंग रडायचं बी ऱ्हायलं. सासू म्हने हिचं अंगच फुटकं. मला बी तसंच वाटलं. जलमभर वाटलं." मग म्हणाली, "आन् मी बी तेच करून राह्यले."

पाठ केलेलं सगळं निरुपयोगी होतं. वहिनी दारात येऊन उभी होती, बाळाला पाजत, तिनं सगळं ऐकलं होतं. आत्यानं तिला बघितलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि एकदम तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली की असं उभ्यानं बाळाला पाजत असतात का, आत बस. मग तांब्या भरून आणला, वहिनीच्या हातात दिला, आणि ती पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. तांब्या रिकामा झाल्यावर पुन्हा भरला. जाता जाता, गोठ्यात न दिसलेली कळशी शोधत असल्यासारखं खाटेखाली वाकून बघितलं, कळशी बाहेर ओढली आणि रांजणाजवळ नेऊन ठेवली. माय चुलीपुढं अजून जाळ फुंकत होती. आत्या तिला म्हणाली, "तू बी कमी न्हाई." माय खाली मान घालून हसली. इतक्या वर्षांत त्या दोघी एकमेकींना बघून हसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर दादांनी गोठ्यामागं चार बल्ल्या रोवल्या, कापसाच्या पराट्या बांधून भिंती केल्या, वर जुनं पोतं टाकलं, आत खड्डा खणून दोन फरशा बसवल्या आणि दाराला पडदा लावला. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाले, शेळीसाठी हाये. गावानं पारावर यावर खूप चर्चा केली की डॉक्टरनं शेळीला संडास का बांधला, आणि एका म्हाताऱ्यानं निष्कर्ष काढला की एवढं पाणी पिणाऱ्या शेळीला तो लागणारच. वहिनी दिवसाउजेडी तिथं जाऊ लागली. पुढं माय, मग आत्या, मग शेजारच्या दोघी-तिघी. बाळाचं दुपारचं रडणं थोड्या दिवसांत कमी झालं, आणि गुलाबचं दूध तर दुसऱ्याच दिवशी परत आलं.

प्रकल्प सादर करताना मी मॅडमना खरं ते सांगितलं: तीन जनावरांपैकी एकाच्या पाण्यात माणूस होतं, म्हणून गुलाबचे आकडे धरू नयेत. सुभेदार आणि चांदी यांचे धरावेत. मॅडमनी ते ऐकून चष्मा काढला, इतक्या हसल्या की शिपाई आत डोकावून गेला. मग चष्मा पुसत विचारलं, वहिनी आता कशा आहेत? पुढं एम. एस्सी.ला जा म्हणून घरी चिठ्ठी त्यांनीच पाठवली, आणि आत्यानं ती दादांकडून दोनदा वाचून घेतली. ती कथा वेगळी आहे, पण मी गेले, एवढं खरं.

माझं स्वतःचं बाळंतपण बऱ्याच वर्षांनी झालं, जालन्याच्या एका दवाखान्यात. तोपर्यंत मी कॉलेजात शिकवत होते, तहानेवरचा तो धडा मला फळ्याकडं न बघता लिहिता यायचा. आणि तरी त्या दुपारी पाण्याचा पेला बाजूला सारून मी पडून होते. टाके ओढत होते, आणि संडास लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला, ओला, कडी नसलेला. पाणी नको म्हटलं की तिकडं जायला नको, एवढं सोपं गणित होतं ते. बाळानं ओढायला सुरुवात केली आणि घसा कोरडा पडला, वहिनी म्हणाली होती तसाच, आतून पुसून घेतल्यासारखा. मी ओठ मिटून घेतले.

आत्या तेव्हा खूप म्हातारी झाली होती. एस. टी. नं एकटी आली होती, कुणाला न सांगता. खाटेशेजारी स्टुलावर बसून ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग तिनं पेला उचलला, माझ्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठांना लावला.

"पी तू," ती म्हणाली. "लागली तर मी नेते. धरून नेते, दार धरून उभी ऱ्हाते. मंग आले कशाला मी?"

मी प्यायले. तिनं पुन्हा भरला.